सैबेरियाची वाट घाटावर संपते

घरात लग्न ठरलं की मालवणची माणसं बस्त्यासाठी घाट चढतात. ‘गांधीनगराक जातंव’ एवढं सांगितलं की पुढे कुणी काही विचारत नाही. चौके, कट्टा, कसाल, कणकवली, मग फोंड्याचा घाट, दाजीपूरचं रान, राधानगरी आणि कोल्हापूर. शहराच्या पूर्वेला, थोड्याच अंतरावर गांधीनगर. नवरीचा शालू, मानाच्या साड्या, आहेराची कापडं, टॉवेल-टोप्या असं सगळं एका पेठेत मिळतं. दिवसभर घासाघीस होते, गाठोडी बांधली जातात आणि रात्रीपर्यंत मंडळी पुन्हा समुद्राच्या वाऱ्यात येतात.

आज जिथे कापडाची ही पेठ गजबजते, त्या वळिवडे गावच्या माळावर १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. सोव्हिएत संघाच्या उत्तरेकडच्या जंगलांत आणि कझाकस्तानच्या गवताळ मैदानांत सक्तमजुरी करून, उपासमार आणि टायफस सोसून, अर्धं जग ओलांडून ती इथवर आली होती.

सैबेरियातून हिंदुस्थानात पोहोचलेल्या पोलिश माणसाची गोष्ट म्हटली की जगाला मात्र वळिवडे आठवत नाही. आठवतं ते एक पुस्तक.

स्लावोमिर राविच या माजी पोलिश अधिकाऱ्याच्या नावावर ‘द लाँग वॉक’ हे पुस्तक १९५६ मध्ये इंग्लंडात निघालं. रोनाल्ड डाउनिंग या पत्रकाराने ते राविचकडून ऐकून लिहिलं होतं. पुस्तकातली हकिगत अशी : हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून राविचला पंचवीस वर्षांची सक्तमजुरी झाली आणि त्याला याकुत्स्कच्या दक्षिणेला ‘कँप ३०३’ या छावणीत धाडलं गेलं. १९४१ च्या वसंतात, हिमवादळाचा आडोसा घेऊन, तो आणखी सहा कैद्यांबरोबर पळाला. वाटेत एक पोलिश मुलगी त्यांना येऊन मिळाली. बैकाल सरोवर, मंगोलिया, गोबीचं वाळवंट, तिबेट आणि हिमालय असं सुमारे साडेसहा हजार किलोमीटर चालत, वाटेत चौघांना गमावून, उरलेले चौघे हिंदुस्थानात उतरले. गोरख्यांच्या एका तुकडीने त्यांना पाहिलं, तेव्हा ते नुसते हाडांचे सापळे उरले होते.

अशा गोष्टीची ओढ मराठी वाचकाला सांगायला नको. रवींद्र गुर्जरांनी मराठीत आणलेलं ‘पॅपिलॉन’ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाचलं गेलं आहे. कैदेतून सुटलेला माणूस आपल्याला आपला वाटतो. ‘द लाँग वॉक’चंही जगभर तसंच झालं. अनेक भाषांत अनुवाद झाले, लाखो प्रती खपल्या आणि २०१० मध्ये पीटर वियर या दिग्दर्शकाने त्यावर ‘द वे बॅक’ हा चित्रपट काढला.

त्या वाटेचा माग काढायलाही माणसं निघाली. सिल्व्हें तेसाँ हा फ्रेंच लेखक २००३ मध्ये याकुत्स्कहून निघाला आणि पायी, घोड्यावरून, सायकलवरून महिनोन्‌महिने प्रवास करून कोलकात्याला पोहोचला. इंजिनाचं वाहन वापरायचं नाही, असा त्याचा नेम होता. २०१० मध्ये तीन तरुण पोलिश प्रवाशांनी तीच मोहीम पुन्हा केली. थंडी, तहान, डास, वाळू हे सगळं या माणसांनी अंगावर घेतलं. त्यांच्या जिद्दीबद्दल आदरच वाटतो.

पण ती वाट राविच स्वतः चालला नव्हता.

पुस्तक आलं त्याच वर्षी मध्य आशिया आणि हिमालय जाणणाऱ्यांनी शंका घेतल्या होत्या. प्रवासलेखक पीटर फ्लेमिंग, गिर्यारोहक एरिक शिप्टन आणि ल्हासात वर्षानुवर्षं राहिलेले ह्यू रिचर्डसन हे त्यांतले. गोबीत माणसं पाण्याशिवाय इतके दिवस जगतील कशी? तिबेटची म्हणून सांगितलेली वर्णनं तिबेटशी जुळत का नाहीत? पुस्तकात हिमालयात दिसलेले दोन प्रचंड केसाळ प्राणी कुठले? राविच २००४ मध्ये वारला. दोन वर्षांनी बीबीसीच्या पत्रकारांनी जुनी कागदपत्रं बाहेर काढली. त्यांनुसार राविच खरोखरच सोव्हिएत कैदी होता, पण सर्व पोलिश कैद्यांना १९४१ मध्ये मिळालेल्या माफीखाली तो १९४२ मध्ये सुटला आणि पोलिश सैन्याबरोबर कास्पियन समुद्र ओलांडून इराणात गेला.

मग ही कहाणी दुसऱ्या कुणाची असेल का? कलकत्त्यातले ब्रिटिश गुप्तवार्ता अधिकारी रूपर्ट मेन यांनी पुढे सांगितलं होतं, की सैबेरियाच्या छावणीतून चालत आलो असं म्हणणाऱ्या तीन खंगलेल्या माणसांची १९४२ मध्ये आपण चौकशी केली होती. २००९ मध्ये विटोल्ड ग्लिन्स्की हा इंग्लंडात राहणारा पोलिश वृद्ध पुढे आला आणि ती वाट आपण चाललो असं म्हणाला. त्याच्या म्हणण्यालाही आक्षेप घेतले गेले. गुंता तिथेच आहे.

सोव्हिएत छावण्यांतून कुणीच पळालं नाही, असं मात्र नाही. १९२५ मध्ये सोलोव्हकी छावणीच्या केम या ठाण्यावरून बेझसोनोव्ह आणि माल्सागोव्ह या कैद्यांनी साथीदारांसह पहारेकऱ्यांवर झडप घातली आणि दलदलीतून, जंगलातून वाट काढत ते फिनलंडला पोहोचले. १९३४ मध्ये इव्हान सोलोनेविच, त्याचा भाऊ आणि मुलगा तशाच वाटेने निसटले. तिघेही पोहोचले. पण या सुटका घडल्या त्या युरोपच्या टोकाला, फिनलंडची सरहद्द चालत गाठण्याच्या अंतरावर. सैबेरियात तुरुंगाची भिंत म्हणजे अंतर. हजार किलोमीटर रान, आठ महिने हिवाळा, आणि वाटेतल्या गावकऱ्यांना पळालेला कैदी धरून दिल्याबद्दल मिळणारं बक्षीस. तिथे कुंपणाच्या तारा नसत्या तरी कैदी जाणार कुठे?

म्हणून सैबेरियातून हिंदुस्थानात आलेली माणसं शोधायची, तर माग वेगळ्या दिशेने काढावा लागतो. तो वळिवड्याच्या रेल्वे स्टेशनवर येऊन संपतो.

या वाटेची सुरुवात १७ सप्टेंबर १९३९ ला झाली. त्याआधी १ सप्टेंबरला हिटलरने पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला होता. सतराव्या दिवशी स्टालिनच्या फौजा पूर्वेकडून घुसल्या. दोघांचा आधीच गुप्त करार झालेला होता. पोलंडचा पूर्वेकडचा अर्धा मुलूख सोव्हिएत संघात गेला आणि नव्या राजवटीने याद्या करायला घेतल्या. जुन्या सैनिकांना मिळालेल्या जमिनींवर वसलेले शेतकरी, वनखात्याचे रखवालदार, पोलीस, शिक्षक, न्यायाधीश, गावचे पाद्री, लष्करी अधिकारी : कम्युनिस्ट राजवटीच्या लेखी हे सगळे शत्रू. पुरुषांना अटक करून तुरुंगात किंवा श्रमछावणीत पाठवायचं, आणि त्यांची बायकामुलं ‘खास वसाहतीं’त हद्दपार करायची, असा साधारण क्रम होता.

१० फेब्रुवारी १९४० च्या रात्री पहिली मोठी हद्दपारी झाली. एकाच रात्री शेकडो गावांत दारं ठोठावली गेली. सामान बांधायला थोडा वेळ मिळे, कुठे अर्धा तास, कुठे तोही नाही. ज्या आईला सुचलं तिने पिठाचं पोतं आणि गरम पांघरुणं घेतली. जिला सुचलं नाही, तिने मुलं तेवढी उचलली. मग मालगाडीचे डबे : मधे एक शेगडी, जमिनीला एक भोक, आणि बाहेरून कडी. हाडं गोठवणाऱ्या थंडीत कित्येक तान्ही बाळं त्या डब्यांतच दगावली. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, जूनमध्ये तिसरी आणि पुढल्या वर्षीच्या जूनमध्ये चौथी. सोव्हिएत दप्तरांतला या चार लाटांचा आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास जातो. जुने पोलिश अंदाज त्याहून कितीतरी मोठे आहेत.

खास वसाहतीत तुरुंगाच्या कोठड्या नसत, पण परवानगीवाचून बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. अर्खान्गेल्स्कच्या, कोमीच्या, उरलच्या आणि सैबेरियाच्या रानांत झाडं तोडायची, ओंडके ओढायचे. कझाकस्तानात सामुदायिक शेतीवर राबायचं. पाव मिळायचा तो कामाच्या मापाने. माप भरलं नाही तर पाव कमी, पाव कमी झाला की अंगातली ताकद कमी, आणि मग दुसऱ्या दिवशीचं माप आणखी लांब. म्हातारी माणसं आणि लहान मुलं आधी गेली.

२२ जून १९४१ ला हिटलरने सोव्हिएत संघावरच चाल केली आणि कालचे कैदी एकाएकी दोस्तराष्ट्राचे नागरिक झाले. ३० जुलैला लंडनमध्ये पोलंडच्या निर्वासित सरकारशी करार झाला आणि १२ ऑगस्टला पोलिश कैद्यांना ‘माफी’ जाहीर झाली. न केलेल्या गुन्ह्याची माफी. तो शब्द पोलिश मनाला आजही टोचतो. लुब्यांका तुरुंगातून सुटलेले जनरल व्लादिस्लाव अँडर्स यांनी सोव्हिएत भूमीवरच पोलिश सैन्य उभारायला सुरुवात केली. त्या सैन्याचं ठाणं गाठलं तर जगू, ही बातमी तोंडातोंडी रानोमाळ पसरली.

या माणसांच्या हातात सुटकेचा कागद होता, म्हणून इतिहासात त्यांची नोंद ‘पळालेले’ अशी होत नाही. पण पुढचे काही महिने त्यांनी जे केलं, त्याला पलायन नाही तर दुसरं काय म्हणायचं? कित्येक ठिकाणी छावणीच्या अधिकाऱ्यांनी माफीची बातमीच दाबून ठेवली. जिथे कळली, तिथे ना गाडीचं तिकीट मिळालं, ना शिधा. लोक ओंडक्यांचे तराफे बांधून नद्या उतरले. मिळेल त्या मालगाडीत चढले. स्टेशनवर आई पाणी किंवा पाव आणायला उतरली आणि गाडी सुटली, अशा हकिगती वाचलेल्यांच्या आठवणींत जागोजागी येतात. दिशा एकच, दक्षिण. ताश्कंद, समरकंद, बुखारा. ऊब मिळेल या आशेने माणसं उझबेकिस्तानात उतरली, आणि तिथे टायफस आणि आमांश वाट पाहत होते. रानात जगलेली माणसं उन्हात येऊन मेली.

सैन्याच्या जेवणातून बायकामुलांना घास दिला जाई. सोव्हिएत सरकारने शिधा तोडला, तेव्हा अँडर्सनी सैन्य इराणात हलवायचं ठरवलं आणि जमेल तितके नागरिक बरोबर न्यायचं ठरवलं. १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये एकदा आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा क्रास्नोव्होद्स्क बंदरातून बोटी सुटल्या. तेलवाहू, कोळसावाहू, मिळतील त्या. बसायला जागा नाही, प्यायला पाणी नाही. समोरच्या काठावर इराणचं पहलवी बंदर, म्हणजे आजचं बंदर अंझली. तेही मासेमारीचं बंदर आहे. किनाऱ्याच्या वाळूवर तंबूंची रांग, आणि बोटींतून उतरणारी, डोळे खोल गेलेली मुलं : मालवणच्या दांड्यावर उभं राहिलं तर हे चित्र डोळ्यांपुढे आणणं अवघड जात नाही. कपडे जाळले गेले, डोकी भादरली गेली. दोन वर्षं भुकेलेल्या कितीतरी जणांना मिळालेलं पहिलं भरपेट जेवण सोसलं नाही आणि सुटकेच्या वाळूवरच त्यांचा जीव गेला. तेहरानच्या दुलाब कबरस्तानात सुमारे १,९०० पोलिश थडगी आहेत.

सैनिक आणि नागरिक मिळून साधारण १ लाख १५ हजार माणसं अशी बाहेर पडली. त्यांत नागरिक सुमारे ३७ हजार. ऑगस्टनंतर ते दार बंद झालं. १९४३ च्या एप्रिलमध्ये कातिनच्या रानात पोलिश अधिकाऱ्यांची सामुदायिक थडगी सापडली. स्टालिनच्या आदेशाने मारलेल्यांची संख्या पुढे सुमारे २२ हजार निघाली. पोलिश सरकारने चौकशी मागितली, म्हणून मॉस्कोने संबंध तोडले. १९४२ च्या त्या पाच महिन्यांत जो बोटीत चढू शकला तो वाचला. मागे राहिले त्यांतल्या अनेकांची पुढली खबर कुणाला लागली नाही.

इराणातून पुढे वाटा फुटल्या. कुणी पूर्व आफ्रिकेत, कुणी मेक्सिकोत, कुणी न्यूझीलंडला. हिंदुस्थानात पहिली मुलं आली ती खुश्कीने. मुंबईतले पोलंडचे वाणिज्यदूत यूगेनियुश बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांच्या खटपटीतून मालमोटारी मदतीचं सामान घेऊन अश्काबादपर्यंत गेल्या आणि परतताना त्यांतून अनाथ मुलं मशहद, झाहिदान, क्वेट्टामार्गे आणली गेली. काही दिवस ती मुंबईत वांद्र्याला होती. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी आपल्या संस्थानात बालाचडीला त्यांना घर दिलं. जामसाहेबांचं नाव आज वॉर्सात चौकापासून शाळेपर्यंत सर्वत्र घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे. मात्र मोठी वसाहत झाली ती बालाचडीला नव्हे, कोल्हापूर संस्थानात.

इराणातून समुद्रमार्गे कराची, तिथल्या तंबूंच्या तळावर मुक्काम, मग दिवसेंदिवस आगगाडी, आणि मिरजेवरून कोल्हापूरच्या फाट्यावर वळिवडे. पंचगंगेच्या काठचा प्रदेश, थंडी सौम्य, पाणी मुबलक. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा अज्ञान राजा होता. राजाराम महाराज १९४० मध्ये निधन पावले होते आणि कारभार रीजन्सीकडे होता. छावणीचा खर्च पोलंडच्या लंडनस्थित सरकारने उचलला, जागा आणि साथ संस्थानाने दिली.

१९४३ हे साल आपल्याकडे कसं होतं, हेही ध्यानात घ्यायला हवं. ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेल्याने तिकडचा तांदूळ बंद झाला होता आणि त्या तांदळावर जगणारं कोकण रेशनच्या रांगेत उभं होतं. बंगालात दुष्काळाने लाखो माणसं मरत होती. आणि वळिवड्यापासून रेल्वेने तासा-दोन तासांवरच्या सांगलीत, २४ जुलै १९४३ ला, ‘चले जाव’च्या चळवळीतले राजबंदी वसंतदादा पाटील साथीदारांसह तुरुंग फोडून बाहेर पडले. पोलिसांच्या गोळीबारात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हे दोन तरुण कृष्णेकाठी पडले. वसंतदादांच्या खांद्यात गोळी घुसली आणि ते पुन्हा पकडले गेले. एका साम्राज्याच्या तुरुंगातून निसटू पाहणारे मराठी तरुण आणि दुसऱ्या साम्राज्याच्या कैदेतून निसटून आलेली पोलिश बायकामुलं, एकाच वर्षी, एकाच लोहमार्गावर. सांगलीची ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. शेजारची दुसरीही तितकीच आपली मानायला हवी.

छावणीत लांबच लांब बराकी होत्या आणि प्रत्येक कुटुंबाला त्यांत स्वतःचं बिऱ्हाड मिळालं. ज्या बाईने तीन वर्षं दुसऱ्याच्या हुकमाने उठबस केली होती, तिला स्वतःची चूल मिळणं म्हणजे काय, ते शब्दांत मांडता येत नाही. बालवाडीपासून हायस्कूलपर्यंत शाळा निघाल्या. चर्च, दवाखाना, पोस्ट, नाट्यगृह, बाजार सगळं उभं राहिलं. बालवीरांची पथकं निघाली. त्यांना शिकवायला आला झ्दिस्लाव पेश्कोव्स्की हा तरुण अधिकारी. कोझेल्स्क छावणीतल्या ज्या थोड्या अधिकाऱ्यांना कातिनला नेलं गेलं नाही, त्यांतला तो एक. पुढे तो पाद्री झाला आणि कातिनमध्ये मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी त्याने सारं आयुष्य वेचलं. वळिवड्याच्या माळावर मुलांना गाठी मारायला आणि तंबू ठोकायला शिकवणारा हा माणूस मृत्यूच्या यादीतून सुटून आलेला होता.

दुसरं नाव वांदा दिनोव्स्का या पोलिश बाईंचं. त्या १९३०च्या दशकापासून हिंदुस्थानात होत्या आणि गांधीजींनी त्यांना उमादेवी हे नाव दिलं होतं. पोलिश मुलांना या देशाची ओळख व्हावी म्हणून त्या छावणीत येत. त्यांचे सहकारी, पोलंडचेच मॉरिस फ्रीडमन यांना साताऱ्याकडची माणसं वेगळ्या कारणाने ओळखतात : औंध संस्थानात प्रजेच्या हाती कारभार देणारी घटना झाली, त्या प्रयोगात फ्रीडमन यांचा मोठा हात होता. पोलंड आणि दक्षिण महाराष्ट्राचं नातं छावणीच्याही आधीचं आहे, ते असं.

घरचे पुरुष कुठे होते? अँडर्सच्या सैन्यात, इटलीत. मे १९४४ मध्ये माँटे कसिनोचा मठ अखेर पोलिश तुकड्यांनी घेतला, तेव्हा मेलेल्यांत वळिवड्यातल्या बायकांचे नवरे आणि भाऊ होते. इटलीतल्या त्याच आठव्या आर्मीत मराठा पलटणी लढत होत्या. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये तिथेच पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कोकणातल्या गावात आणि वळिवड्याच्या बराकीत, मरणाची तार त्याच आघाडीवरून येत होती.

युद्ध संपलं, पण त्यांना परतायला गाव उरलं नव्हतं. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाच्या बैठकीत पूर्व पोलंड स्टालिनकडेच ठेवायचं ठरलं. ज्या घरातून १९४० च्या त्या रात्री उचललं गेलं, ते घर आता कायमचं सोव्हिएत संघात होतं. तिकडे जायचं म्हणजे पुन्हा त्याच हातांत सापडायचं. बहुतेकांनी नकार दिला. सैनिकांच्या कुटुंबांना ब्रिटनने घेतलं, बाकीचे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशा देशांत पांगले. एखादी मुलगी कोल्हापूरच्या घरात सून होऊन राहिली, मराठी शिकली, इथलीच झाली. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली.

रिकामी राहिली मात्र नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकी दिल्या गेल्या. पोलिश माणसं कराचीहून आली होती. त्यांच्या मागोमाग, त्याच दाराने, कराचीची आणि सिंधची माणसं आली. त्यांनी कापडाचा धंदा मांडला, वस्तीला गांधीजींचं नाव दिलं आणि काही वर्षांत पार कोकण-गोव्यापर्यंत लग्नाचा बस्ता पुरवणारी पेठ उभी केली. मालवणची नवरी ज्या दुकानात शालू अंगावर टाकून आरशात बघते, त्या जागेवर दोनदा उखडलेल्या माणसांनी संसार मांडला आहे.

पोलिश माणसं ही जागा विसरली नाहीत. हिंदुस्थानात वाढलेल्या मुलांनी लंडनमध्ये संघटना काढली, आठवणी गोळा केल्या, जाडजूड ग्रंथ छापला. १९९८ मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ उभा राहिला. २०१७ मध्ये वॉर्सात वळिवडे-कोल्हापूर छावणीचा स्मृतिफलक बसला. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिलं. सप्टेंबर २०१९ मध्ये ऐंशी-नव्वदीतली काही ‘मुलं’ पोलंडच्या मंत्र्यांबरोबर वळिवड्याला आली आणि तिथे स्मारकाचं अनावरण झालं. काठी टेकत, आपली बराक कुठे होती ते हाताने दाखवत ती माणसं त्या माळावर फिरली. सैबेरियाच्या वाटेचा माग काढणारे याहून खरे प्रवासी कुठे सापडणार?

सिंधुदुर्गाला अशा माणसांची ओळख नवी नाही. गोवामुक्तीच्या लढ्यात बांदा आणि सावंतवाडीने सरहद्दीपलीकडून निसटून आलेल्यांना घरात घेतलं. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, तेव्हा जखमी सत्याग्रही याच बाजूला आणले गेले. कुणी, कुणाला, किती दिवस जेवू घातलं याची नोंद आपण नीट ठेवली नाही. वळिवड्याच्या बाबतीतही तेच होत आहे. पोलिश बाजूने पुस्तकं आहेत, छायाचित्रं आहेत, यादीत नावं आहेत. आपल्या बाजूने त्या छावणीत दूध घालणारा, भाजी विकणारा, बराकी बांधायला गेलेला गवंडी, दवाखान्यात राबलेली बाई यांची आठवण कुठे आहे? १९४३ मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदी ओलांडून गेला आहे. वळिवडे, उचगाव, कोल्हापूर, आणि नोकरीधंद्यासाठी तेव्हा घाट चढलेली कोकणातली घरं : यांतल्या कुणाच्या आजी-आजोबांना ‘पोलंडचा कँप’ आठवत असेल, तर त्यांचं बोलणं या वर्षीच टिपून ठेवा. साधा मोबाइल पुरेल.

आणि पुढच्या खेपेला बस्ता बांधून झाला की वळिवड्याचं स्मारक बघून या. गांधीनगरहून ते लांब नाही. परतताना कोल्हापुरात महावीर उद्यानातल्या स्तंभापाशीही थांबता येतं. बरोबर मुलं असतील तर त्यांना सांगा, की अर्खान्गेल्स्कच्या रानातून निघालेली त्यांच्याच वयाची मुलं इथे येऊन पुन्हा शाळेत बसली.